पाहणाऱ्याची घडण : प्रस्तावना

विम्याच्या हानीची पाहणी व मूल्यनिर्धारण हा व्यवसाय नव्याने पत्करणाऱ्या तरुणांसाठी वेळोवेळी लिहिलेली ही टिपणे एकत्र करून पुस्तकरूपाने त्यांच्या हाती देताना, ज्या गावी बसून ती लिहिली गेली त्या लालबर्ऱ्याविषयी आरंभीच चार शब्द सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण या टिपणांत जे काही ग्राह्य असेल त्याचा बहुतांश मला कचेरीच्या दप्तरांत सापडलेला नसून, या मुलखातील धानाच्या बांध्यांत, राइस मिलच्या गोदामांत आणि रात्री पेटून सकाळी राख झालेल्या पुंजण्यांच्या शेजारी उभे राहून मिळालेला आहे. बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, वैनगंगेच्या खोऱ्यातले हे तहसिलीचे ठिकाण. भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालाघाट जिल्हा घडविण्यात आला. १९५६ पर्यंत येथील लोकांची राजधानी नागपूर होती, आणि त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेनंतर हा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. तरी येथील घरांतून पोवारी, मराठी, हिंदी व गोंडी या भाषा आजही शेजारधर्माने नांदतात, सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याकडे होतात, आणि बांधी (धानाचे खाचर), रोवणी (लावणी), कडपा (कापून पसरलेले धान), पुंजणे (कापलेल्या धानाची रचलेली रास) हे शब्द राज्याची सीमा न विचारता दोन्हीकडे चालतात.

या शब्दांचा उल्लेख मी सहेतुक केला आहे. हानी ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणच्या बोलीतच ती आपली हकीकत सांगते, आणि ती बोली ज्यास अवगत नाही त्याच्या अहवालात अंकगणित कितीही निर्दोष असले तरी न्याय असेलच असे नाही. काही वर्षांपूर्वी या भागातील एका गोदामास आग लागली. दूरच्या शहरातून एक तरुण सर्व्हेअर आला. हुशार, मेहनती आणि विनयशील. त्याने छायाचित्रे घेतली, थप्प्या मोजल्या, खरेदीच्या पावत्या पाहिल्या आणि मालाच्या रकान्यात ‘धान’ असा एकच शब्द लिहून सर्व पोत्यांस एकच दर लावला. मालक बिचारा वारंवार सांगत होता की, मधल्या दोन थप्प्या चिन्नोरच्या आहेत. परंतु पावत्यांवर वाणाचे नाव नव्हते, आणि भिजून काळवंडलेल्या बारदान्याकडे पाहून एका धानातून दुसरे ओळखण्याची विद्या त्या तरुणास कोणी शिकविलेली नव्हती. चिन्नोर हा बालाघाटचा सुगंधी, बारीक दाण्याचा, उशिरा पिकणारा आणि कमी उताऱ्याचा तांदूळ. २०२१ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. साधे धान आणि चिन्नोर यांच्या बाजारभावात मोठे अंतर असते, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. मी त्या दिवशी जुन्या ओळखीमुळे तेथे गेलो होतो. थप्पीच्या पोटातले, जेथे धग पोचली नव्हती असे एक पोते ओढून काढले, मूठभर दाणे तळहातावर चोळून तूस फुंकले आणि उरलेला तांदूळ त्या तरुणाच्या नाकाजवळ धरला. तो क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने वही उघडली, ‘धान’ या शब्दावर रेघ मारली आणि प्रत्येक थप्पीतून निदान पाच पोती उघडायला सांगितली. त्याच्या बुद्धीत न्यून नव्हते. त्याला गोदामात नेऊन धान हुंगायला लावणारा गुरू मिळाला नव्हता, एवढेच न्यून होते. आणि ते न्यून त्याचे नसून आम्हा वडीलधाऱ्या व्यावसायिकांचे होते.

हानीचे मूल्य ठरविणारा मनुष्य परीक्षेने पात्र ठरतो, परंतु घडतो तो हानीच्या जागी, जाणत्याच्या शेजारी उभा राहून. आणि ज्या जाणत्याने आपल्या शेजारी कोणास उभे केले नाही, त्याने आपल्या पदरची विद्या आपल्याबरोबरच संपविली. या पुस्तकातील सर्व प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत, असे वाचकाने समजावे.

हा व्यवसाय कोणता, हे सामान्य वाचकासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. विमा उतरविणारा आणि विमा कंपनी यांच्यामध्ये एक करार असतो. हानी झाली म्हणजे त्या करारातील शब्द प्रथमच कसोटीस लागतात. अशा वेळी घटना खरोखर घडली काय, तिचे निकटचे कारण कोणते, ते कारण करारात समाविष्ट आहे की वगळलेले, नष्ट झालेली वस्तू किती होती व तिचे मूल्य काय होते, उरलेल्या मालाचे काय येईल, आणि या सर्वांचा हिशेब करून देय रक्कम किती ठरते, एवढ्या प्रश्नांची उत्तरे जो त्रयस्थपणे शोधतो तो हानिनिर्धारक. आपल्याकडे लोक त्यास सर्व्हेअर म्हणतात. त्याची फी कंपनी देते, परंतु त्याची सनद कंपनीची नसते. आणि तो दावेदाराच्या घरात प्रवेश करतो तो त्याच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत वाईट दिवशी. अशा मधल्या जागेवर सरळ उभे राहणे ही या व्यवसायातील पहिली आणि अखेरची विद्या होय.

हा व्यवसाय परदेशातून आला असे सर्रास म्हटले जाते, आणि त्याच्या आधुनिक स्वरूपापुरते ते खरेही आहे. इंग्लंडमध्ये आगीच्या हानीचे निर्धारण करणाऱ्यांनी १९४१ साली आपली संघटना स्थापिली आणि १९६१ साली तिला राजसनद मिळाली. परंतु ‘पाहणी’ हा आपला शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे. मराठेशाहीच्या महसुली दप्तरांत शेतातील उभ्या पिकाची पाहणी, तिचा खर्डा, पीक बुडाल्यास सूट किंवा वसुलीची तहकुबी, हे व्यवहार परिचित होते. पुढे इंग्रजी अमदानीत सोळा आण्यांच्या मानाने पिकाचा अंदाज बांधण्याची आणेवारी रूढ झाली. या बालाघाटच्या मालगुजारी मुलखात मालगुजार, पटवारी आणि कास्तकार यांच्यात अशा अंदाजांवरून किती हुज्जत होत असे, याच्या आठवणी जुन्या घरांतून अजून निघतात. नजरअंदाज हा शब्द त्या परंपरेने आपल्याला दिला, आणि त्याच्या मर्यादाही तिनेच दाखविल्या: ज्याची नजर तयार झालेली नाही त्याचा अंदाज दुसऱ्याच्या पदरात अन्यायाचे माप टाकतो. शासनाची सूट ही कृपा होती, विम्याची भरपाई हा हक्क आहे. म्हणून आजच्या पाहणाऱ्यावरची जबाबदारी जुन्या पाहणीदारापेक्षा अधिक कडक आहे.

कायद्याचा इतिहास लांबवीत नाही. १९३८ च्या विमा अधिनियमात १९६८ साली दुरुस्ती होऊन कलम ६४ यूएम घालण्यात आले, आणि वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय मान्य करू नये असा दंडक झाला. अलीकडे ही मर्यादा वाहनासाठी पन्नास हजार व इतर हानीसाठी एक लाख रुपये अशी वाढविण्यात आली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले, तेव्हा १०७ विमासंस्था चार कंपन्यांत सामावल्या. १९९९ च्या अधिनियमाने विमा नियामक प्राधिकरणास वैधानिक अधिष्ठान मिळाले, आणि २००५ साली हैदराबाद येथे सर्व्हेअर मंडळींची स्वतंत्र संस्था, ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इन्शुरन्स सर्व्हेअर्स अँड लॉस असेसर्स’, उभी राहिली. लायसेन्शिएट, असोसिएट व फेलो अशा सदस्यत्वाच्या तीन पायऱ्या, आग, सागरी माल, जहाज, अभियांत्रिकी, मोटार, संकीर्ण, नफ्याची हानी आणि पीक अशा शाखा, १९५५ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया’ची परीक्षा, आणि अनुभवी सदस्याच्या हाताखाली बारा महिन्यांची उमेदवारी, असा हा मार्ग आहे.

या बारा महिन्यांवरच माझे सारे लक्ष आहे. नियमाने बारा महिने दिले. परंतु त्या बारा महिन्यांत काय घडावे, हे नियम सांगू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी उमेदवार म्हणजे टंकलेखन करणारा, छायाचित्रांस क्रमांक घालणारा आणि कंपनीच्या कचेरीत पाकीट पोचविणारा, अशी प्रथा पडली आहे. वर्ष संपते, प्रमाणपत्र हाती येते आणि तो तरुण आयुष्यात पहिल्यांदा एकटाच जळलेल्या दारातून आत शिरतो. माझ्या उमेदवारीचा पहिला धडा मी या ठिकाणी सांगतो, कारण तो माझ्या चुकीचा आहे आणि चूक सांगितल्याशिवाय धडा सांगता येत नाही.

एका गोदामातील धानाच्या थप्पीची मोजणी गुरूंनी माझ्यावर सोपविली होती. मी फीत लावली: लांबीत दहा पोती, रुंदीत आठ, उंचीत बारा थर, म्हणजे ९६० पोती, पोत्यास चाळीस किलो धरून ३८४ क्विंटल. आकडा सुबकपणे वहीत लिहून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वही घेतली नाही. ‘वर चढलास काय?’ एवढेच विचारले. मी शिडी लावून चढलो, वरचे दोन थर सरकविले आणि खाली पाहिले तो आत अंधार: मधली चार-तीनची जागा खालपर्यंत मोकळी. दहा थरांची १२० पोती तेथे कधी नव्हतीच; थप्पी ८४० पोत्यांची होती आणि माल ३३६ क्विंटल. मी खाली उतरताच माझ्या मनाने मालकास लबाड ठरवून टाकले होते. गुरूंनी तेही होऊ दिले नाही. त्यांनी हमालांच्या मुकादमास बोलावून शांतपणे विचारले, आणि उत्तर आले की, ओलसर धान आले म्हणजे वारा खेळावा म्हणून अशी विहीर ठेवण्याची त्या गोदामाची जुनी वहिवाट आहे. आवकजावक वहीशी ताळा घेतला तेव्हा वहीतही ८४० पोतीच निघाली. मालकाने जास्त मागितलेच नव्हते. जास्त मोजले होते ते मी, आणि दोषी ठरविले होते तेही मीच. एका घटकेत दोन अपराध माझ्या हातून होता होता राहिले. ते राहिले ते गुरू शेजारी होते म्हणून.

या अनुभवातून मला जो क्रम उमगला त्याच क्रमाने या पुस्तकाची मांडणी केली आहे: आधी पाहणे, मग विचारणे, मग ताळा घेणे आणि आकडा सर्वांत शेवटी. नव्या माणसाचा स्वाभाविक ओढा याच्या उलट असतो. कंपनीचा अधिकारी दूरध्वनीवर ‘अंदाजे किती?’ असे विचारतो, दावेदारही तेच विचारतो, आणि तरुण मनाला उत्तर देण्याची घाई होते. एकदा आकडा तोंडातून गेला की त्यानंतर डोळे त्या आकड्याचे पुरावे तेवढे शोधू लागतात. यास्तव माझ्याकडे आलेल्या प्रत्येक उमेदवारास मी पहिले तीन महिने रकमेचा रकाना कोरा ठेवायला लावीत आलो आहे.

पाहणे म्हणजे काय, हे आगीच्या प्रकरणात अधिक विस्ताराने येईल. येथे एक उदाहरण पुरे. दाबून रचलेली धानाची पोती बाहेरून जळतात, गाभ्यापर्यंत आग सहसा पोचत नाही. कित्येकदा आगीपेक्षा ती विझविण्यासाठी मारलेले पाणी अधिक नुकसान करते. भिजलेले धान एक-दोन दिवसांत आतून तापू लागते, त्याला वास येतो, मग कोंब फुटतात. म्हणून पहिल्याच दिवशी जळलेले, भिजलेले आणि कोरडे असे तीन ढीग वेगळे करविणे, भिजलेले पसरून वाळविणे किंवा लगेच उसना तांदूळ करण्यासाठी देता येईल काय ते पाहणे, हे हानी मोजण्याइतकेच हानी थांबविण्याचे काम आहे. जो सर्व्हेअर चौथ्या दिवशी येऊन केवळ कुजलेला ढीग मोजतो त्याने पहिल्या दिवशी वाचू शकणारे धान मोजण्याची संधीही गमावलेली असते. भिंतीवरील काजळीचा आकार, गिलाव्याचे पोपडे, विजेच्या तारेच्या टोकाशी वितळून झालेला तांब्याचा मणी, ही आगीची जबानी आहे. आणि झाडू फिरला की ती जबानी पुसली जाते.

विचारणे याहून कठीण. ज्याचे घर जळाले त्याच्या ओसरीवर बसून त्याला पावत्या मागायच्या असतात. आमच्या गुरूंचा शिरस्ता असा की, पहिल्या भेटीत कागद मागण्यापूर्वी घरात कोणास इजा झाली काय हे विचारायचे, दिलेले पाणी प्यायचे, आणि आपण कोण, कोणाच्या नेमणुकीवरून आलो, काय काय पाहणार आणि रक्कम मंजूर करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे साध्या भाषेत सांगायचे. येथे पोवारीत किंवा मराठीत बोललेली चार वाक्ये कचेरीतल्या छापील पत्रापेक्षा अधिक काम करतात. ‘सरासरीचे कलम’ या नावाची जी तरतूद असते तीही अशीच समजावून द्यावी लागते: गोदामात चाळीस लाखांचा माल असताना विमा तीस लाखांचाच उतरविला असेल, तर आठ लाखांच्या हानीपैकी सहा लाखच देय होतात, उरलेल्या चौथ्या हिश्शाची जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवलेली असते. हे गणित शाळेतले आहे. परंतु ज्याचे दोन लाख त्यात जातात त्याला ते न रागावता, न लपविता, बांधावर बसून समजावणे ही उमेदवारीत शिकण्याची गोष्ट आहे. मी असे पाहिले आहे की, कापलेली रक्कम माणूस सोसतो. पण कारण न सांगता कापलेली रक्कम तो जन्मभर विसरत नाही.

पिकाच्या हानीचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे झाले आहे, आणि धानाच्या मुलखात लिहिलेल्या पुस्तकात ते तसे होणे प्राप्तच होते. या विषयात मराठी माणसांनी केलेले कार्य आमच्या तरुणांस सहसा ठाऊक नसते, म्हणून येथे त्याचा आदराने निर्देश करतो. शेतातील लहानसा तुकडा यदृच्छ पद्धतीने निवडून, त्यातील पीक कापून, मळून, तोलून साऱ्या प्रदेशाचा उतारा काढण्याची शास्त्रशुद्ध रीत देशात रुजविणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे ही दोन नावे अग्रगण्य आहेत. पानसे यांचे संशोधन इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या मध्यप्रदेशाच्या भूमीवर झाले. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. आणि शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी त्या दोघांनी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली असे प्रतिपादन केले की, एकेका शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजण्याऐवजी समान परिस्थितीचा प्रदेश हाच पीकविम्याचा घटक मानावा. त्याच तत्त्वावर १९७९ साली प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५ साली ती व्यापक झाली, आणि २०१६ च्या खरिपापासून अमलात आलेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेचाही तोच पाया आहे. मध्यप्रदेशात पटवारी हल्का हा विम्याचा घटक धरला जातो.

परंतु गारपीट, किंवा कापणीनंतर बांधीत पसरलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजणे, अशा हानीस प्रदेशाची सरासरी लागू पडत नाही. गारांचा पट्टा एका शेतावरून जातो आणि शेजारच्या धुऱ्यापाशी थांबतो. अशा वेळी शेतकऱ्याने ७२ तासांत खबर द्यायची आणि निर्धारकाने प्रत्यक्ष शेतात जायचे, अशी योजना आहे. कापलेल्या पिकास हे संरक्षण चौदा दिवसांपर्यंत मिळते. या भेटीत पाहणाऱ्यास धानाची लोंबी हातात धरून पोचट दाणे किती, ती कोणत्या अवस्थेत होती, कडप उलटी केली तर खालच्या दाण्याला कोंब आहे काय, हे सांगता आले पाहिजे. शहरात वाढलेल्या तरुणास ते येत नाही, यात त्याचा कमीपणा नाही. परंतु एका हंगामात रोवणीपासून चुरण्यापर्यंत, म्हणजे मळणीपर्यंत, महिन्यातून दोनदा तरी एकाच बांधीवर त्याला उभे करणे आपल्याला शक्य आहे. लालबर्ऱ्याजवळ सोनेवानीचे जंगल आहे. त्याच्या काठच्या शेतांत रानडुकरांनी तुडविलेले धान आणि वाऱ्याने लोळविलेले धान यांत फरक कसा ओळखावा, हे ज्या कास्तकाराने मला दाखविले त्याने कधी विम्याचा कागद वाचला नव्हता. आमचे अर्धे अध्यापक असे आहेत, आणि उमेदवारास त्यांच्याकडे नेऊन त्यांना नमस्कार करायला शिकविणे हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे.

यंत्रांविषयी लिहिणे आज अपरिहार्य आहे. धान व गहू यांच्या उत्पादनाच्या अनुमानात खरीप २०२३ पासून उपग्रहाधारित पद्धतीस निदान तीस टक्के भार देण्याचे ठरले. मोटारीच्या लहान हानी भ्रमणध्वनीवरील चित्रफितीवरून पाहिल्या जातात. मोठ्या कारखान्यांवरून ड्रोन फिरतात. या साधनांचे मी मनापासून स्वागत करतो. आकाशातून घेतलेल्या चित्राने शंभर गावांतील पूर एका दिवसात दिसतो. माझ्या पायांना ते कधी साधले नसते. परंतु चित्र वास देत नाही, पोत्याच्या पोटात हात घालीत नाही आणि मुकादमास प्रश्न विचारीत नाही. यंत्राने वाचविलेला वेळ जर उमेदवारास प्रत्यक्ष जागेवर नेण्यात खर्च होईल तर यंत्र आमचे सहायक ठरेल. तोच वेळ जर अधिक फायली उरकण्यात गेला, तर पुढच्या पिढीला यंत्राची चूक ओळखणारा डोळाच उरणार नाही.

डोळे तयार असण्याची निकड मोठ्या संकटांत कळते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कापूस आणि स्फोटके एकत्र वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. गोद्या, वखारी आणि वस्त्या उद्ध्वस्त झाल्या आणि भरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र अध्यादेश काढावा लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि दुकाने, गोदामे, यंत्रे व वाहने यांचे दावे एकाच वेळी उभे राहिले. अशा दिवशी शिकविण्यास अवसर नसतो. ज्यांना आधी शिकविले असेल तेच उपयोगी पडतात. नांगरणीच्या दिवशी बैल विकत घ्यायला निघणाऱ्या कास्तकारासारखी आमच्या व्यवसायाची स्थिती होऊ नये.

अहवाल कसा लिहावा यावर शेवटचे प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रोशनलाल ऑइल मिल्सच्या प्रकरणात सर्व्हेअरचा अहवाल हा महत्त्वाचा दस्तऐवज आहे व त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही असे म्हटले. आणि २००९ साली प्रदीपकुमार यांच्या प्रकरणात असेही म्हटले की, तो अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. ही दोन वचने प्रत्येक उमेदवाराने एकत्र लक्षात ठेवावीत. पहिले त्याला कामाचे गांभीर्य सांगेल, दुसरे अहंकारापासून वाचवील. अहवालात जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून, जे ऐकले ते ‘ऐकले’ म्हणून आणि जे अनुमानिले ते ‘अनुमान’ म्हणून लिहावे. त्या तिहींची सरमिसळ हीच बहुतेक अन्यायांची जननी आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने सुचविले म्हणून रक्कम कमी करणारा, आणि दावेदाराने रडून विनविले म्हणून ती वाढविणारा, हे दोघेही एकाच मधल्या जागेवरून ढळलेले असतात.

माझ्या समवयस्क व्यावसायिकांस येथे एक प्रार्थना करतो. उमेदवार बरोबर नेला की काम दीडपट वेळ घेते, त्याचा प्रवासखर्च आपल्या खिशातून जातो, आणि शिकून तयार झाल्यावर तो आपल्याच गावात आपला प्रतिस्पर्धी होईल अशी धास्तीही मनात येते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी आपल्यापैकी प्रत्येकास कोणीतरी असेच, आपला वेळ आणि पैसा मोडून, शिडीवर चढायला लावले होते. ते ऋण ज्यांनी दिले त्यांना आपण ते परत करू शकत नाही. ते पुढेच द्यावे लागते. बालाघाट, वारासिवनी, लालबर्रा, तिकडे गोंदिया, आमगाव अशा लहान गावांतील मुलामुलींस आपण तयार केले तर हानीच्या दुसऱ्या दिवशीच तिची भाषा जाणणारे माणूस तेथे उभे राहील, आणि शंभर कोसांवरून येणाऱ्या साहेबाची वाट पाहत कुणाचे धान कुजणार नाही.

गेल्या कार्तिकात या भागात पुन्हा एका गोदामाचे नुकसान झाले. ज्या तरुणाने पूर्वी ‘धान’ या शब्दावर रेघ मारली होती तोच पाहणीस आला होता. आता त्याच्या कानांजवळ केस पिकू लागले आहेत. त्याच्याबरोबर अभियांत्रिकीची पदवी घेतलेली एक मुलगी उमेदवार म्हणून आली होती. मी दारातच थांबलो. त्याने थप्पीच्या पोटातले पोते ओढविले, मूठभर दाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि काही न बोलता बाजूला उभा राहिला. तिने दाणे चोळले, तूस फुंकले, तळहात नाकाशी नेला आणि वहीत लिहिले: ‘चिन्नोर’. मग ती शिडीकडे वळली. रकमेचा रकाना कोरा होता.

लालबर्रा, जिल्हा बालाघाट
मार्गशीर्ष